पाठीची माती

"मग सांगा की वस्ताद, बिरू लवटे त्या दिवशी पडला हुता का न्हवता?"

सर्जेराव खोतानं हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. पहिल्यांदा पाया पडताना विचारला होता, दुसऱ्यांदा घाम पुसताना. आता मात्र आवाज तालमीच्या कौलांना जाऊन लागला.

केरबा वस्तादांनी मान वर केली नाही. कुस्तीच्या हौद्याच्या काठावर उकिडवे बसून ते नव्या तांबड्या मातीत हळद आणि ताक कालवत होते. ऐंशीच्या घरातला माणूस, पण दोन्ही हात मनगटापर्यंत मातीत.

"मोठ्यानं बोललास म्हणून माती लवकर मुरत न्हाई," ते म्हणाले.

सर्जेरावानं दात आवळले. या म्हाताऱ्याच्या हाताखाली तो बारा वर्षं राबला होता. दुसरा कुणी असता तर गचांडीच धरली असती.

रागाला कारणही तसंच होतं. दहा वर्षांपूर्वी जत्रेच्या मैदानात सर्जेरावानं जतकडच्या बिरू लवटेला आस्मान दाखवलं होतं. त्या एका कुस्तीवर त्याचं नाव झालं. चौकाचौकांत फलक लागले. दुकानांच्या फिती कापून कापून बोटं दुखली. बिरू मात्र गावी गेला तो गेलाच. मेंढरांच्या वाड्याशेजारी खड्डा खणून पोरांना कुस्ती शिकवतो, एवढं कानावर यायचं, आणि सर्जेराव मिशीत हसायचा.

आता ते हसू आटलं होतं. बिरूनं घडवलेले पैलवान एकेक मैदान मारत सुटले होते. त्यातच कुणा रिकामटेकड्यानं त्या जुन्या कुस्तीचा व्हिडिओ मोबाइलवर सोडला. लोक तो हळू करून, थांबवून थांबवून बघत होते, आणि ज्यांना धड लंगोट बांधता येत नाही तेसुद्धा सांगत होते की बिरूची पाठ टेकलीच नव्हती. यंदा जत्रा कमिटीनं पहिल्या नंबरच्या कुस्तीची जोड बिरूच्या हस्ते लावायचं ठरवलं. फलकावर हा एवढा मोठा बिरूचा फोटो. सर्जेरावाचं नाव खाली, बारीक अक्षरात, कुठल्याशा पतसंस्थेच्या संचालकाच्याही मागं.

"उद्या मैदान हाय," सर्जेराव म्हणाला. "माईक हातात घ्या आन् एवढंच सांगा, बिरू चितपट झाला हुता. तुमचा शब्द कोण मोडणार न्हाई. त्या दिवशी काठावर तुमीच बसला हुता."

"हुतो."

माती खालीवर करत, स्वतःलाच सांगितल्यासारखं ते पुन्हा म्हणाले, "बसलोच हुतो."

"मग सांगायला काय जातंय तुमचं?"

वस्तादांनी एक लिंबू मातीत पिळलं. साल बाजूला टाकलं.

"पंचानं काय बघून तुजा हात वर केला?"

"पाठ बघून! मी घिस्सा मारला, त्यो गेला. उठलो, त्याला दंडाला धरून फिरवला आन् समद्या मैदानाला पाठ दावली. दोन्ही खांद्यांवर माती. आजून काय पुरावा पायजे?"

"आन् बिरू?"

"बिरू काय?"

"कायतरी वरडत हुता."

"काय ठावं! हलगी वाजत हुती. त्यात कुणाचं काय ऐकू येतंय?"

खोटं नव्हतं ते. व्हिडिओतही नुसती हलगीच ऐकू येते. बिरूचं तोंड हलतं. तो सर्जेरावाच्या हाताकडं बोट करतो, मग स्वतःच्या पाठीकडं. सर्जेरावानं तो व्हिडिओ चाळीस वेळा तरी बघितला होता, आणि दर वेळी नेमक्या त्या ठिकाणी मोबाइल खिशात टाकला होता.

हौद्यात दोन पैलवान लढतीला उभे राहिले. रीतीप्रमाणं दोघांनी वाकून माती उचलली आणि एकमेकांच्या छातीला, खांद्यांना, पाठीला चोळली. घामानं पकड सुटू नये म्हणून प्रत्येक कुस्तीआधी हे करायचंच असतं.

सर्जेरावानं तोंड फिरवलं.

"एक बोलू?" तो म्हणाला. "गावानं डोक्यावर घेतलं मला. हत्तीवरनं मिरवला. पण तुमी एकदा... एकदा पाठीवर हात ठेवला न्हाई. पाया पडाय आलो तवा तुमी पायताण हुडकत हुता. दहा वर्सं झाली. देवावर नसंल एवढा राग हाय माजा तुमच्यावर."

वस्तादांनी हातातलं ढेकूळ फोडलं.

हौद्यातले दोघंही थांबले.

"हिकडं ये," वस्ताद म्हणाले. "पाठ कर."

सर्जेरावाला आधी कळलंच नाही. मग तो वळला आणि लहान पोरासारखा मान खाली घालून उभा राहिला.

वस्ताद गुडघ्यावर हात टेकून उठले. मातीनं भरलेले दोन्ही पंजे त्यांनी त्याच्या खांद्यांवर ठेवले. एकदा थोपटलं. दोनदा थोपटलं. हात जुनाच होता, तसाच जड.

"शाब्बास रं पठ्ठ्या."

अडतिशीतला, सव्वाशे किलोचा गडी. डोळ्यांतनं घळाघळा पाणी आलं. याच्यासाठी दहा वर्षं घालवली, असं त्याला वाटलं. बाकी फलक, हत्ती, फिती, सगळं गेलं खड्ड्यात.

"गुंडा," वस्तादांनी हौद्यातल्या एका पैलवानाला हाक मारली. "ह्याच्या पाठीला काय हाय, बग."

गुंडानं बघितलं. इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यावर दोन तांबडे पंजे उमटले होते.

"माती हाय, वस्ताद."

"दोन्ही खांद्यांवर?"

"दोन्ही."

"मग पडला ह्यो. हात वर कर, गुंडा. जिकलास तू."

गुंडा बावचळला. एकदा वस्तादांकडं बघितलं, एकदा त्या पहाडासारख्या माणसाकडं. वस्तादांचा शब्द मोडायची टाप नव्हती. त्यानं भीत भीत हात वर केला.

सर्जेरावाच्या अंगाची आग आग झाली. डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी वाळलं.

"ही कसली थट्टा लावलीया?" तो गरजला. "उभा हाय मी! जागचा हाललो न्हाई! ह्या गुंड्यानं मला बोट लावलं न्हाई! माती तुमी लावली, वस्ताद! तुमी तुमच्या हातानं लावली आन् वर म्हणताय पडला? मी पडलो न्हाई! ऐकताय का... मी पडलो न्हाई!"

शेवटच्या शब्दाला आवाज चिरकला. त्याचा उजवा हात हवेत तसाच राहिला, आणि नजर त्या हाताच्या तळव्यावर.

बाहेर रस्त्यावरून एक सायकल गेली, तिची साखळी वाजलेली आत ऐकू आली.

केरबा वस्ताद पुन्हा उकिडवे बसले. त्यांनी हात मातीत घातले आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्याच्याकडं मान वर करून बघितलं. त्यांच्याही डोळ्यांत राग होता, आणि तो आजचा नव्हता.

"आजून मोठ्यानं वरड, पैलवान," ते म्हणाले. "हलगी वाजतीया."