झिलू मेस्त्रीचं शेवटचं माप

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा खाडीचं पाणी थेट देवळाच्या पायरीशी यायचं, आणि खारवळी गावात पाठ टेकून बसणारी माणसं दोनच होती, एक देवळातला देव आणि दुसरे खोत. बाकीचे जमिनीवर, नाहीतर दगडावर. त्या खारवळीत झिलू मेस्त्री नावाचा एक सुतार राहायचा. त्यानं केलेल्या आरामखुर्चीत बसलेला माणूस आपण होऊन उठलाय, असं कोणी पाहिलं नाही. त्याला उठवावं लागायचं. असं म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, खुर्चीत काय एवढं? चार पाय, दोन हात, एक पाठ. झालं. पण मंडळी, सोसायटीच्या हाफिसात तासभर बसून बघा, म्हणजे खुर्ची काय चीज असते ते कंबर सांगेल. झिलू म्हणायचा, "खुर्ची लाकडाची नसतेच रे. खुर्ची माणसाच्या थकव्याची असते. थकवा कुठे साचलाय ते कळलं, की लाकूड आपोआप वाकतं."

म्हणून त्याची माप घ्यायची रीत जगावेगळी होती. फूटपट्टी नाही, दोरी नाही. अंगणात लाकडी चौकट होती, त्यात खाडीची ओली वाळू भरलेली, मागच्या बाजूला उतरता ढीग. खुर्ची हवी असेल त्यानं त्या वाळूत येऊन बसायचं. तेही सकाळी नाही. सकाळी न्हाऊनधुऊन आलेल्याला झिलू हाकलून द्यायचा. "आत्ता तू खोटा बसशील. संध्याकाळी ये, दमून ये." मग संध्याकाळी माणूस यायचा, वाळूत बसायचा, आधी जरा ताठ, पाहुण्यासारखा. झिलू मापाचं नावच काढायचा नाही. गाईचं विचारायचा, भाताचं विचारायचा. भागी, म्हणजे झिलूची बायको, गुळाचा कोरा चहा आणून द्यायची. चहा पोटात गेला, गप्पा रंगल्या, की कधीतरी त्या माणसाच्या खांद्यातला पीळ सुटायचा, तो मागे रेलायचा आणि म्हणायचा, "हुश्श!"

"हां! हलू नको आता," असं झिलू ओरडायचा, माणसाला अलगद हाताला धरून उठवायचा आणि वाळूत उमटलेल्या खळग्यावर ओणवा होऊन बघत राहायचा. तोच खळगा तो लाकडात उतरवायचा. हुश्श आल्याशिवाय माप नाही, हा त्याचा नियम. एक तालुक्याचे साहेब पाच संध्याकाळी येऊन बसले, पण त्यांना काही हुश्श होईना. सहाव्या दिवशी त्यांच्या बदलीचा कागद आला तेव्हा झालं.

त्या खुर्च्यांच्या गोष्टी किती सांगू? एका खुर्चीच्या हातावर कोंबडा बसला, तो पहाटेचं आरवणंच विसरला, आणि त्या वाडीत दोन दिवस उजाडलं नाही म्हणतात. एक भांडकुदळ भटजी भांडायला म्हणून आला, खुर्चीत बसला आणि ज्याच्याशी भांडायचं त्यालाच आशीर्वाद देऊन गेला. पण सगळ्यात मोठी गोष्ट खोतांच्या आईची.

म्हातारीची नव्वदी झालेली. यमदूत न्यायला आला. म्हातारी पूजेत होती. ती म्हणाली, "बाबा, एवढी माळ ओढते. तोवर बस की त्या खुर्चीत." खुर्ची झिलूची. यमदूत बिचारा कुठून कुठून चालत आलेला, जन्मात त्याला कोणी बस म्हटलेलं नाही. तो बसला. रेलला. "हुश्श" म्हणाला. आणि जो झोपला तो नऊ वर्षं.

नऊ वर्षं म्हातारी जिवंत राहिली. शेवटी शेवटी तीच वैतागली. "अरे, कोणीतरी उठवा रे त्या मेल्याला," म्हणायची. पण उठवणार कोण? एक दिवस सून केर काढत होती, खुर्चीच्या पायाला केरसुणी लागली आणि तो दचकून उठला, म्हातारीला घेऊन गेला. गावानं म्हातारीचं सोनं झालं म्हटलं. सुनेला मात्र पुढे जन्मभर ऐकून घ्यावं लागलं, की तू केर जपून काढला नाहीस. त्या नऊ वर्षांत त्या सुनेला त्या खुर्चीत कोणी बस म्हटलं होतं का, हे मात्र गोष्टीत कोणी सांगत नाही. मीही विचारलं नव्हतं कधी.

आता भागीचं ऐका.

झिलूची वाळू आपली आपण अंगणात यायची नाही. भागी आणायची. ओहोटी लागली की टोपली घेऊन खाडीत उतरायची, ओली वाळू भरायची आणि डोक्यावरून चढणीनं आणायची. एका मापाला सोळा टोपल्या. माप झालं की वाळू पुन्हा सपाट करायची, सुकली की टाकून नवी आणायची. त्यात घरचं रांधणं, शेताची लावणी, गाय, आणि येणाऱ्या जाणाऱ्याला चहा. झिलूच्या खुर्च्या गावात पस्तीस झाल्या, तेव्हा भागीच्या टोपल्या किती झाल्या ते तुम्हीच काढा.

एका संध्याकाळी गिऱ्हाईक उठून गेलं. भागी टोपली घेऊन वाळूशी उभी होती. म्हणाली, "अहो, मी बसू का जरा? माझंही माप घ्या की."

झिलूला हसू आलं. "तुझं माप? अगो, तीस वर्षं झाली लग्नाला. तुझं माप मला तोंडपाठ आहे. वाळू कशाला विस्कटतेस? उद्या बंदरावरचे कारकून यायचेत."

"मग कधी कराल?"

"ही एवढी ऑर्डर झाली की तुझीच."

भागीनं हातानं वाळू सपाट केली आणि चूल पेटवायला गेली. पुढेही तिनं दोनदा विचारलं असं म्हणतात, आणि तिसऱ्यांदा विचारायचं सोडून दिलं. झिलू वाईट माणूस नव्हता. तो रोज मनात म्हणायचा, उद्या. आणि उद्या दुसऱ्याच कोणाला तरी हुश्श व्हायचं.

मग त्या वर्षीची लावणी आटपली आणि भागीच्या अंगात ताप भरला. ताप अंगात घेऊनच ती वाळूला गेली. सोळावी टोपली डोक्यावर घेऊन दारात आली, तर दारात यमदूत उभा. तोच, खोतांकडचा. त्याला एकदा गोडी लागली होती. तो इकडे तिकडे बघत म्हणाला, "बाई, झिलू मेस्त्रीचं घर हेच ना? मग बसायला काहीतरी असेल."

भागीनं घरात पाहिलं. पडवीत दोन खुर्च्या होत्या. एकीला पाठ नव्हती, दुसरीला पाय नव्हते, आणि दोन्हींवर खडूनं दुसऱ्यांची नावं होती. घरात चार पाट होते, बस.

ती म्हणाली, "दादा, सुताराच्या घरात कुठली आली खुर्ची? तुम्हीही आपले उभेच राहा."

यमदूताला वाईट वाटलं असं म्हणतात. पण उभा माणूस किती वेळ थांबणार? तो म्हणाला, "मग चला." भागीनं टोपली उतरवली, वाळू चौकटीत ओतली, नीट सपाट केली आणि निघाली.

झिलूनं दिवस केले, तेरावं केलं, आणि चौदाव्या दिवशी पडवीतल्या दोन्ही अर्धवट खुर्च्या अंगणाबाहेर नेऊन ठेवल्या. परसातला फणस तोडला. हा फणस भागीनं लावलेला. गावाला सांगितलं, आता एकच खुर्ची करणार, हिची. ती झाल्याशिवाय दुसऱ्या लाकडाला हात लावणार नाही.

लाकूड कापलं, रंधा मारला, सोन्यासारखं पिवळं निघालं. मग तो वाळूपाशी आला आणि डोळे मिटून भागीचा खळगा आठवू लागला.

आठवेना.

भागी विहिरीवर उभी आठवली. टोपली घेऊन चढण चढताना आठवली. शेतात ओणवी, उंबऱ्यात चहाची वाटी घेऊन उभी, चुलीपुढे उकिडवी. पण उकिडवं बसणं म्हणजे काही बसणं नव्हे, ती उठायची तयारी असते. तीस वर्षांत पाठ टेकून बसलेली भागी झिलूनं पाहिलेलीच नव्हती. तोंडपाठ म्हणाला होता ना? पाटी कोरी निघाली.

मग हा एवढा नावाजलेला मेस्त्री दारोदार विचारत फिरला. शेजारच्या पार्वतीला म्हणाला, "वयनी, तुमच्याकडे यायची ना ती? कशी बसायची हो?"

पार्वती म्हणाली, "मेस्त्री, आम्ही दोघी तीस वर्षं बोललो. पण विहिरीवर, उभ्या उभ्या. बसायला वेळ कोणाला होता?"

"तुम्ही तरी कशा बसता?" झिलूनं विचारलं.

"मला काय माहीत?" पार्वती म्हणाली, आणि घागर उचलून चालती झाली.

शेवटी तो खाडीपलीकडे भागीच्या माहेरी गेला. तिची आई अजून होती, डोळे गेलेली. झिलूनं तिचे पाय धरले. "आई, तुमची लेक कशी बसायची ते सांगा."

म्हातारी म्हणाली, "बसायची की. त्या खांबाला पाठ लावून, पाय लांब सोडून, तासन् तास. एकटीच गाणी म्हणायची. आळशी म्हणून मी मारायची तिला." तिनं हात पुढे केला आणि हवेत एवढीशी उंची दाखवली. "एवढी होती. नऊ वर्षांची. मग तुम्हाला दिली."

झिलूनं म्हातारीच्या हातानं त्या खांबावर खूण करून घेतली. पाठ कुठे टेकायची, डोकं कुठे यायचं, पाय कुठवर पोचायचे. तेवढंच माप त्याला मिळालं. तेच घेऊन तो घरी आला.

खुर्ची व्हायला सात महिने लागले. वेत विणताना त्याच्या बोटांतून रक्त यायचं, आणि तो रक्ताचा हात लागून वेत रेशमासारखा मऊ झाला असं म्हणतात. अशी खुर्ची खारवळीनं पाहिली नव्हती. तिचे हात, तिची पाठ, तिचा उतार, सगळं नजरेनंच हुश्श म्हणावं असं. फक्त ती एवढीशी होती. नऊ वर्षांच्या मुलीची.

झिलूनं ती अंगणात ठेवली आणि तिच्याभोवती ओली वाळू पसरली. ही वाळू त्यानं स्वतः आणली होती, सोळा टोपल्या. चौथ्या टोपलीलाच त्याची मान धरली होती. मग दाराआड तो सकाळची वाट बघत राहिला. सगळं गाव म्हणत होतं, भागी येणार, बसणार, आणि मग मेस्त्री सुटणार.

उजाडलं. गाव जमलं. वाळूत पावलं उमटली होती. बाईची. ती खुर्चीपर्यंत आली होती आणि खुर्चीसमोर दोन्ही शेजारी शेजारी थांबली होती. टाचा खोल रुतलेल्या. पुष्कळ वेळ उभं राहिल्यावर रुततात तशा. खुर्चीच्या वेतावर एक सुरकुती नव्हती.

झिलूनं ती पावलं पाहिली. भागीची टोपली उचलली आणि खाडीकडे गेला. त्यानंतर त्याला घरी आलेलं कोणी पाहिलं नाही. ओहोटीला पलीकडच्या वाळूत एक ओणवी सावली अजून टोपली भरताना दिसते, असं म्हणतात. मी स्वतः दोनदा पाहिली आहे. तिसऱ्यांदा तो खेकडे पकडणारा निघाला, पण पहिल्या दोनदा नक्की तोच.

ती खुर्ची आमच्या देवळात आहे. नवसाला पावते. दर मार्गशीर्षात तिची पूजा होते. बाया तिला फुलं वाहतात, हळदकुंकू लावतात. पुरुषमंडळी सभामंडपात सतरंजीवर बसलेली असतात, आणि बायांच्या उभ्यानं तीन आरत्या होतात. मग बाया प्रसाद वाढायला जातात.

आणि दुसरी एक रीत आहे, तिला आम्ही मेस्त्रीचं माप म्हणतो. खारवळीत कोणीही खुर्ची आणली, मग ती सागाची असो की तालुक्याहून टेम्पोतून आलेली प्लास्टिक गुंडाळलेली मऊ गुबगुबीत असो, ती दारात ठेवायची, पायाखाली मूठभर ओली वाळू घालायची, आणि पहिल्यांदा घरच्या बाईला बसवायचं. तिला हुश्श झाल्याशिवाय दुसऱ्या कोणी बसायचं नाही. नियम म्हणजे नियम. खुर्ची चांगली की वाईट, तेही तिच्या हुश्शवरूनच ठरतं. दुकानदारसुद्धा आता विचारतात, "खारवळीचं गिऱ्हाईक का? मग वहिनींना घेऊन या."

तर बाई बसते. अख्खं घर भोवती उभं असतं. नवरा घड्याळ बघतो, सासरे खुर्चीचा हात चाचपतात, पोरं म्हणतात, "आई, झालं का?" टेम्पोवाला चहासाठी खोळंबलेला असतो. बाई पाठ टेकते न टेकते, "हुश्श" म्हणते आणि उठते. सगळे टाळ्या वाजवतात. ती चहा टाकायला आत जाते.

खोटं हुश्श खऱ्यासारखं कसं म्हणायचं, ते आमच्याकडे आया मुलींना लग्नाआधीच शिकवून ठेवतात.