झिजलेला अंगठा

सोलापुरात नरसव्वा नावाची एक बाई विड्या वळून पोट भरायची. वीस वर्षांपूर्वी तिने आयुर्विमा उतरवला, तेव्हा सही येत नव्हती म्हणून अर्जावर अंगठा दिला. यंदा मुदत भरली. घरावर नवे पत्रे घालायचे होते, म्हणून ती पैसे घ्यायला विमा कचेरीत गेली.

तिथले ढवळीकर साहेब नियमाचे मोठे भोक्ते. भिंग लावल्याशिवाय कागदाकडे बघत नसत. नरसव्वाने मधल्या काळात शिकलेली सही केली, तर म्हणाले, "अर्जावर अंगठा आहे. अंगठाच लागेल."

तिने अंगठा उठवला. रोज हजार विड्या वळून त्याच्या रेषा पार झिजल्या होत्या. कागदावर नुसता निळा ठिपका उमटला.

साहेबांनी तो भिंगातून न्याहाळला. "जुळत नाही. पैसे मिळणार नाहीत."

नरसव्वा जागची हलली नाही. "साहेब, मी विमा माझ्या जिवाचा उतरवला होता की अंगठ्याचा?"

"जिवाचा. हे काय विचारणं झालं?"

"मग जीव समोर उभा आहे. अंगठ्याचा उतरवला असता, तर तो गेल्याचे पैसे मागायला मी दहा वर्षांपूर्वीच आले असते."

रांगेत हशा पिकला. रांगेतच नरसव्वाबरोबर विड्या वळणाऱ्या दोघी होत्या; त्या तिची ओळख पटवायला पुढे आल्या. साहेबांना एकदम आठवलं, की दोन साक्षीदारांपुढे केलेली सही नियमात बसते.

नरसव्वाने सावकाश सही केली आणि भिंग धरलेल्या साहेबांच्या हाताकडे पाहिलं.

"तुमचा अंगठा मात्र अजून कोरा करकरीत आहे, साहेब."