मूळपुरुषांची माघार

मृणाल देवस्थळींच्या नव्या ऐतिहासिक कादंबरीचं प्रकाशन होतं. पुठ्ठाबांधणीच्या कोऱ्या प्रती चकचकीत कागदात गुंडाळून, फीत बांधून टेबलावर ठेवल्या होत्या. फीत सोडायचा मान हैबतराव इनामदारांचा, पण ते हात आखडून बसले.

"आमचे मूळपुरुष लढाईतून पळाले, असं लिहिलंय तुम्ही. पुढच्या आवृत्तीत त्यांना रणात धारातीर्थी पाडा. कबूल असेल तरच फीत सोडीन."

प्रकाशकानं घाईघाईनं मृणालताईंकडे पाहिलं.

मृणालताई शांतपणे म्हणाल्या, "पाडते की, रावसाहेब. पण त्यांचं लग्न लढाईनंतर झालं, हे तुम्हीच मला सांगितलंत. ते तिथंच पडले, तर आज फीत सोडायला कोणाला बोलवू?"

हैबतरावांनी मुकाट्यानं फीत सोडली. भाषणात मात्र त्यांनी मूळपुरुषांच्या दूरदृष्टीचं तोंडभरून कौतुक केलं.