पुढच्या रांगेतला गेनू

"मग सांगा ना गुरुजी, यातलं पहिलं कोणतं ठेवू?"

सुमित्रा घोलप हातातले कागद गुडघ्यावर ठेवून विचारत होती. खरं सांगायचं तर तिला उत्तर नको होतं, शाबासकी हवी होती. माणूस कितीही मोठा होवो, गुरुजींच्या ओसरीवर बसला की पुन्हा चौथीत जातो.

नुकतीच ती तालुक्याची गटशिक्षणाधिकारी झाली होती. तालुक्यातल्या साऱ्या शाळा तिच्या हाताखाली आल्या होत्या. शाळा उघडायच्या बेतात होत्या आणि उद्या मुख्याध्यापकांची सभा होती. नव्या वर्षात काय साधायचं, ते तिथे तिने सांगायचं होतं. त्याआधी डांगे गुरुजींच्या पाया पडावं म्हणून ती वाट वाकडी करून माळावर आली होती. निवृत्त झाल्यापासून गुरुजी टेकडीखालच्या मठीत राहत, रोपं लावत आणि शक्यतो गप्प बसत.

आताही खुरपं घेऊन ओसरीसमोरच्या वाफ्यात बसले होते.

"प्रत्येक मूल वाचतं झालं पाहिजे," सुमित्रा वाचू लागली. "हजेरी वाढली पाहिजे. शिष्यवृत्तीत मुलं चमकली पाहिजेत. आणि जिल्ह्याच्या चाचणीत आपला तालुका पहिला! कंबर कसलीय मी, गुरुजी."

"चांगलं आहे."

"अडचण एकच आहे..."

गुरुजींनी वर पाहिलं.

"मेंढपाळांची पोरं. दिवाळी झाली की कळपामागे जातात, परत येतात तेव्हा अक्षरं विसरलेली असतात. चाचणीला बसली की अख्ख्या तालुक्याला खाली ओढतात. मी ठरवलंय, त्यांना स्थलांतरित दाखवायचं. चाचणीला बसवायचंच नाही."

गुरुजी एका रोपाच्या बुंध्याशी माती दाबत होते. हात थांबला.

"आणि शिकवायचं कोणी त्यांना?"

"शिकवू की, जमेल तसं. पण गुरुजी, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

...

"पोहरा तिथे भिंतीशी आहे, दोर खुंटीला," गुरुजी म्हणाले. "आडातून पाणी घेऊन ये. झाडांना घालायचंय."

सुमित्राचा चेहरा पडला. फाटकाबाहेर सरकारी गाडी उभी, चालक इकडेच बघतोय, आणि साहेबीणबाईंनी पाणी शेंदायचं! पण गुरुजींचा शब्द तिने कधी मोडला नव्हता. पदर खोचून ती उठली.

आडावर फजितीच झाली. पोहरा पाण्यावर टेकला आणि बदकासारखा डौलात तरंगत राहिला. ओढला, तर रिकामाच वर आला. पुन्हा सोडला, पुन्हा तेच. सवय मोडली होती. त्या रिकाम्या पोहऱ्याकडे बघता बघता एक जुनं दुखणं उसळून वर आलं. तिने दोराला असा काही हिसका दिला की पोहरा कलंडला आणि बुडाला.

भरलेला पोहरा घेऊन ती तरातरा ओसरीसमोर आली. खाली ठेवलासुद्धा नाही.

"तेव्हाही तुम्ही हेच केलं होतं!"

"केव्हा?"

"चौथीत. तपासणीचे साहेब आले होते तेव्हा. बाकीच्या शाळांत त्या दिवशी कच्ची पोरं घरी ठेवायचे आणि हुशार पोरं पुढे बसवायचे. आणि तुम्ही? मला झाडांना पाणी घालायला धाडलंत! सगळ्या कविता पाठ होत्या मला, सगळे पाढे येत होते. आणि पुढच्या रांगेत बसवलंत कुणाला, तर गेनूला. त्याला स्वतःचं नाव धड लिहिता येत नव्हतं!"

"हं."

"मी खिडकीतून ऐकत होते. गेनू अडखळला. त्याच्या शेजारचा अडखळला. साहेब काय चिडले होते... मी असते तर शाळेला चांगला शेरा मिळाला असता."

"मिळाला असता."

"मग का, गुरुजी?"

इतकी वर्षं हा प्रश्न तिने पोटात ठेवला होता. आता विचारला आणि तिचे डोळे भरून आले. पोरवयात झालेला अपमान भारी चिवट असतो.

गुरुजी मातीचे हात झाडत म्हणाले, "साहेबांनी लिहिलं, शाळा मागे पडली आहे, एवढी मुलं एका शिक्षकाला झेपत नाहीत. मला बोलणीही बसली भरपूर."

...

"त्या दिवाळीनंतर आपल्या शाळेत कोण आलं गं?"

"पाटणकर बाई," सुमित्रा लगेच म्हणाली.

ते नाव आठवायला तिला वेळ लागणं शक्यच नव्हतं. पाटणकर बाईंनी तिला शिष्यवृत्तीला बसवलं. तिच्या वडिलांशी भांडून तिला तालुक्याच्या शाळेत घातलं. आज ती ज्या खुर्चीवर बसत होती, ती बाईंची पुण्याई. घरी देवांच्या शेजारी बाईंचा फोटो होता.

"कुणामुळे आल्या?"

वाऱ्याने तिचे कागद ओसरीभर पसरले. ती ते उचलायलाही वाकली नाही. पोहऱ्यातलं पाणी हिंदकळून तिच्या पावलांवर सांडत होतं.

"गेनूमुळे..."

गुरुजी पुन्हा रोपाकडे वळले.

सुमित्राने खांद्यानेच डोळे पुसले. आवाज अजून ओला होता, पण आता त्यात डगमग नव्हती.

"मेंढपाळांची पोरं पटावर राहतील. चाचणीला बसतील, तीही पुढच्या रांगेत. उद्याच्या सभेत हेच पहिलं सांगते. जो निकाल लागेल तो घेऊन जिल्ह्याच्या साहेबांपुढे उभी राहते आणि या पोरांसाठी त्यांच्या तळावर जाणारे शिक्षक मागते. नाही म्हणाले, तर पुन्हा जाते."

"हं."

"पण तालुका घसरेल, गुरुजी. पहिल्याच वर्षी. लोक हसतील मला."

गुरुजींनी तिच्या हातातल्या पोहऱ्याकडे पाहिलं.

"मघाशी आडावर इतका वेळ का लागला?"

"पोहरा नुसताच तरंगत होता."

"मग?"

"हिसका दिला. कलंडला, बुडाला... आणि भरला."

"मग उभी का? घाल पाणी. झाडं केव्हाची तहानलीत."