टिटवीची हाक

फार मागची गोष्ट. तळ्याकाठच्या एकाच शाळेत बगळ्यांची आणि टिटव्यांची पिल्लं उडायला शिकत. पुढची मोठी शाळा तळ्यापलीकडे होती आणि तळ्यावर बारमाही धुकं. पलीकडून बगळ्यांचे काका-मामा हाका मारत, "इकडे ये रे, इकडे!" त्या आवाजामागे त्यांची पिल्लं नीट पोचत. टिटव्यांचं पलीकडे कोणीच नव्हतं.

एका वर्षी शेवटचा बगळा पोचला, हाका थांबल्या, आणि मग टिटव्यांची पाळी आली तेव्हा वर्गात पहिली आलेली टिटवी निघाली. ती पोचली नाही. परतलीही नाही.

"टिटव्यांना पुढे शिकायचंच नसतं," बगळे गुरुजी म्हणाले.

धुक्यातून अजून तिचा आवाज येतो, "तिकडे कोणी आहे का?"

पलीकडचे बगळे पिल्लांना जवळ ओढतात. "ओ देऊ नका रे, अशुभ असतं ते!"