घडीची बाबागाडी

फार पूर्वी अस्वलांनाही नव्या वस्तूंची हौस होती, तेव्हाची ही गोष्ट. झिपरी अस्वलीण रोज मोहाची फुलं खायला डोंगर चढायची. पिल्लू तिच्या पाठीवरचे केस धरून बसायचं. पण हे तिला आता गावंढळ वाटू लागलं.

एकदा सायाळीनं बांबूची बाबागाडी विकायला आणली. "माझे काटे मिटतात ना, तशी मिटते!"

झिपरीनं गाडी एका नखावर उचलली, पुन्हा पुन्हा उघडून मिटली, गुहेच्या कोपऱ्यात मावते का तेही पाहिलं.

"अगं, लेकराला एकदा आत बसवून बघ की," शेजारची घोरपड म्हणाली.

"तुला काय कळतंय प्रवासातलं?" झिपरी फणकारली.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच चढणीला चाकं दगडांत अडकली. पिल्लानं भोकाड पसरलं आणि उडी मारून आईची पाठ गाठली. झिपरी मोहाखाली पोचली, तोवर हरणांनी फुलं फस्त केली होती.

परतताना घोरपड भेटली. "काय गं, कशी आहे गाडी?"

झिपरीच्या पाठीवर पिल्लू, गळ्यात गाडी आणि तोंडाला फेस. तरी मान ताठ करून ती म्हणाली, "इतकी हलकी आहे म्हणून सांगू! दिवसभर वाहिली, तरी ओझं म्हणून वाटत नाही."