अख्खा कागद

“याहून जास्त पुरावा काय हवा, बाई?”

तन्वीर मुजावरनं फोटो टेबलावर जवळजवळ आपटलाच. पांढऱ्यावर एक काळी रेघ. त्याचं औषध घातलेल्या कर्करोगाच्या पेशींत ठळक, न घातलेल्या पेशींत काहीच नाही.

पेशी मरायला टेकली की तिच्यातलं एक प्रथिन तुटतं. त्या तुकड्यालाच चिकटणारी अँटिबॉडी लावली की रेघ उमटते. रेघ आली, म्हणजे पेशी मरतेय. तन्वीरची तीन वर्षं या रेघेवर उभी होती, आणि मंगळवारी पीएचडीची तोंडी परीक्षा होती.

बारटक्केबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. सत्तरी ओलांडली, निवृत्त झाल्या, तरी रोज येऊन आपल्या परीक्षानळ्या आपणच धुणाऱ्या बाई. ती अँटिबॉडी त्यांनीच सव्वीस वर्षांपूर्वी सशाच्या रक्तातून तयार केलेली. देशभरातल्या प्रयोगशाळा ती मागवत, आणि बाटलीवर ‘बारटक्के’ एवढंच लिहिलेलं असे. बाईंचा शेवटचा विद्यार्थी म्हणून तन्वीरची मान जरा ताठच असायची.

“उरलेला कागद कुठंय?”

“कुठला?”

“ही पट्टी ज्यातून कापलीस तो.”

“तो... कचऱ्यात.”

यात त्याला काही वावगं वाटलं नाही. इथे सगळे तेच करत. पेशींतली सगळी प्रथिनं आकारानुसार वर-खाली उतरवलेल्या कागदावर रेघ जिथे यायची तेवढीच पट्टी कापायची आणि अँटिबॉडीत बुडवायची. अँटिबॉडी थोडी लागते, पुरवून पुरवून वापरता येते.

बाई उठल्या. फ्रीजरमधून एक कुपी काढून त्यांनी त्याच्या हातावर ठेवली.

“या पेशी वाढव. तुझं औषध घाल, हीच अँटिबॉडी लाव. कागद कापू नकोस.”

“आता? परीक्षा तोंडावर आलीय, बाई.”

बाई आपल्या परीक्षानळ्या धुवायला वळल्या.

तन्वीर धुसफुसत गेला. म्हातारपणी माणसाला शंकेखोरपणा जडतो, असं मनात म्हणत त्यानं तो प्रयोग केला, आणि सोमवारी सकाळी नाचतच आला.

“बघा! तुमच्या पेशींतही रेघ. माझ्यापेक्षा ठळक! माझं औषध यांनाही मारतंय.”

“आणि या बाकीच्या?”

अख्ख्या कागदावर वर-खाली आणखी सात-आठ रेघा होत्या.

“तो कचरा, बाई. सोडा तो. आपली रेघ बघा ना.”

“तन्वीर, या पेशींत ते प्रथिनच नाहीये.”

“...म्हणजे?”

“त्याचं जनुक काढून टाकलंय. जे मुळात नाही, ते तुटणार कसं? अँटिबॉडी दुसऱ्याच कशाकशाला चिकटतेय.”

तन्वीरनं फोटो पुन्हा हातात घेतला. तो स्टुलावर बसला. फोटो तोच होता, रेघही तीच होती. पण त्याला आता तिची भीती वाटत होती. तीन वर्षं तो कुणाच्या मरणाची बातमी सांगत फिरत होता?

मग संतापानं त्याचा आवाज फुटला.

“तुम्हाला माहीत होतं! मग आधी का नाही सांगितलंत?”

“या पेशी मागच्या महिन्यातच हाती आल्या. मी लावून पाहिलं. रेघ आली. म्हटलं, डोळे म्हातारे झाले असतील, हात थरथरला असेल... म्हणून तुझ्या हातून करवून घेतलं.”

“पण पट्टी कापायची पद्धत तर...”

“माझीच. सव्वीस वर्षं मीही तेवढीच पट्टी बघत आले.”

तन्वीरनं बाईंकडे पाहिलं आणि तो हादरला. त्याची तीन वर्षं गेली होती. बाईंचं काय गेलं होतं, ते मोजायची त्याची हिंमत होईना. समोरच्या कपाटात ‘बारटक्के’ लिहिलेल्या बाटल्यांची रांग होती.

“उद्या काय करू, बाई?”

“हाच फोटो पहिला लाव.”

“ते विचारतील, अँटिबॉडी कुणाची. मी... मी नुसतं ‘प्रयोगशाळेतली’ म्हणतो. नाव कशाला घ्यायचं?”

बाईंनी टेबलावरची कात्री उचलून आपल्या खणात टाकली आणि खण लावून घेतला.

“अख्खा कागद दाखव,” त्या म्हणाल्या. “माझं नावसुद्धा कापू नकोस.”